नळ ठणठणीत, निप्पल गेला

रत्नागिरीच्या आमच्या घरात न्हाणीघरातला गिझर जुना होता, तांब्याच्या टाकीचा. त्यातून गरम पाणी निघतं तिथपासून भिंतीतल्या पितळी कॉकपर्यंत चार इंचांचा एक जी.आय. निप्पल बसवलेला होता. निप्पल म्हणजे दोन्ही टोकांना आटे पाडलेला, जस्ताचा लेप दिलेला लोखंडी पाइपचा तुकडा. दोन वर्षांत तो ठिबकायला लागला. प्लंबरने पाना लावला, तसा तो आट्यातच बिस्किटासारखा तुटला. आत लालसर चिखल होता, पापुद्रे होते, आणि आट्यांपाशी पाइपची जाडी कागदाएवढी उरली होती.

नवा बसवला. तोही दोन वर्षांत गेला.

"काका, टाकी ठणठणीत आहे, कॉकपण ठणठणीत. मधल्या मध्ये हाच का जातो कळत नाही. लोखंडच हल्ली चांगलं येत नाही," प्लंबर म्हणाला. त्याचं म्हणणं मला पटलं नाही, कारण परसात विहिरीपासून बागेपर्यंत वडिलांनी टाकलेला जी.आय. पाइप पंचवीस वर्षं शाबूत होता. वरून तांबूस झालेला, पण एक थेंब गळत नव्हता. पाणी त्याच विहिरीचं. मग तिसऱ्या वेळी मी हट्टाने त्या जुन्या पाइपच्या शिल्लक तुकड्यातून चार इंच कापून घेतले, त्याला आटे पाडून घेतले आणि तोच निप्पल गिझरला लावला. जुनं, कसलेलं लोखंड.

तोही दोन वर्षांत गेला.

एकच लोखंड, एकच पाणी, एकच घर. बागेत पंचवीस वर्षं आणि गिझरपाशी दोन. म्हणजे दोष लोखंडाचा नव्हता. त्या निप्पलला शेजार वाईट मिळाला होता: एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला पितळ, मधून गरम पाणी. तीन वर्षं टिकणारी वस्तू आणि तीस वर्षं टिकणारी वस्तू यांतला फरक पुष्कळदा या शेजारानेच ठरतो. तो कसा ठरतो, हे समजून घेणं अजिबात अवघड नाही.

गंजणं म्हणजे देणंघेणं

गंज ही धातूला बाहेरून चिकटलेली घाण नव्हे. ती धातूचीच बदललेली अवस्था आहे. खनिजाच्या रूपात लोखंड प्राणवायूशी बांधलेलंच असतं. भट्टीत प्रचंड उष्णता ओतून आपण त्याला सोडवतो, आणि संधी मिळाली की ते परत जायला बघतं. शाळेच्या पुस्तकात या परतीच्या प्रवासाला 'क्षरण' म्हणतात.

हा प्रवास दोन भागांत होतो आणि दोन्ही भाग एकाच वेळी व्हावे लागतात. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे सोडतो आणि स्वतः पाण्यात उतरतो. हा झाला देण्याचा भाग. मागे राहिलेले इलेक्ट्रॉन धातूतून सरकत दुसऱ्या एखाद्या जागी जातात. तिथे पाण्यात विरघळलेला प्राणवायू ते उचलतो. हा घेण्याचा भाग. घेणारा नसेल तर देणाऱ्याला देता येत नाही, आणि उतरायला पाणी नसेल तरीही नाही. म्हणून कोरड्या हवेत लोखंड गंजत नाही, आणि उकळून हवा काढून टाकलेल्या, तेलाचा थर देऊन झाकलेल्या पाण्यात खिळा कितीतरी दिवस चकचकीत राहतो.

लोखंडाचा एकच तुकडा असला तरी त्याच्या अंगावर देणाऱ्या आणि घेणाऱ्या जागा वेगवेगळ्या असतात. जिथे धातू वाकवलेला, ठोकलेला, कापलेला असतो तिथे देणं लवकर सुरू होतं. पण एकट्या तुकड्यात या जागा लहान आणि विखुरलेल्या असतात, त्यामुळे झीज सगळीकडे थोडी थोडी होते. बागेतल्या पाइपचं तसंच झालं होतं.

आता याच लोखंडाला तांबं जोडा. तांबं इलेक्ट्रॉन सोडायला नाखूश असतं, लोखंड त्या मानाने सैल हाताचं. दोघं एकमेकांना टेकले आणि दोघांनाही एकच पाणी लागलं, की लोखंड देणारा होतो आणि तांब्याचा सगळा पृष्ठभाग घेण्याची जागा बनतो. लोखंडाचे इलेक्ट्रॉन तांब्यात जातात आणि तिथून प्राणवायू उचलतो. तांब्याचं काहीच जात नाही. ते फक्त जागा पुरवतं. झिजतं ते लोखंड.

हा चक्क विजेचा घट आहे. टॉर्चच्या साध्या सेलमध्येही जस्त असंच झिजत असतं आणि त्या झिजण्यातून आपल्याला उजेड मिळतो. आमच्या न्हाणीघरात उजेड मिळत नव्हता, झीज मात्र चालू होती. या घटाला 'गॅल्व्हनिक घट' म्हणतात आणि त्याला चार गोष्टी लागतात: देणारा धातू, घेणारा धातू, दोघांना जोडणारी धातूची वाट आणि दोघांना भिजवणारं पाणी. चारांपैकी एक काढली की घट बंद पडतो. पुढची सगळी दुरुस्ती एवढ्यावरच उभी आहे.

जहाजाचे खिळे आणि एक तपकिरी कागद

घटाला नाव मिळालं ते बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानी या वैद्यकाच्या प्राध्यापकामुळे. दोन धातूंनी शिवल्यावर मेलेल्या बेडकाचा पाय आकसतो, हे त्यांनी पाहिलं आणि 1791 साली प्रसिद्ध केलं. वीज बेडकाच्या अंगात आहे, असं त्यांना वाटलं. भौतिकशास्त्रज्ञ आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी ती दोन धातूंच्या जोडीतून येते असं धरलं आणि 1800 साली चांदी आणि जस्ताच्या चकत्यांमध्ये खारट पाण्याने ओली केलेली पुठ्ठ्याची तबकडी ठेवून, चळत रचून, पहिली बॅटरी करून दाखवली.

पण हा घट त्याच्या आधीच एका जहाजाने दाखवून दिला होता. ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांच्या तळाला समुद्री किडे पोखरायचे, शेवाळ आणि कवचधारी जीव चिकटून जहाजाचा वेग कमी व्हायचा. म्हणून 1761 साली 'अलार्म' नावाच्या 32 तोफांच्या जहाजाचा तळ तांब्याच्या पत्र्यांनी मढवला. पत्रे ठोकले लोखंडी खिळ्यांनी. वेस्ट इंडीजची फेरी करून जहाज परत आलं तेव्हा किड्यांचा त्रास नव्हता, पण पत्रे जागोजाग सुटले होते. लोखंडी खिळे सडून गेले होते.

त्यातही काही खिळे जवळपास नव्यासारखे होते. तांब्याचे पत्रे गोदीत आले तेव्हा ते तपकिरी कागदात गुंडाळलेले होते आणि काही ठिकाणी घाईत तो कागद न काढताच पत्रे ठोकले गेले होते. जिथे कागद राहिला तिथे लोखंड तांब्याला टेकलं नव्हतं, आणि खिळे वाचले होते. नौदलाच्या 1763च्या पाहणीने निष्कर्ष बरोबर काढला: समुद्राच्या पाण्यात लोखंडाला तांब्याचा स्पर्श होऊ देऊ नये. हे व्होल्टाच्या बॅटरीच्या 37 वर्षं आधी. मला ही पाहणी फार मोलाची वाटते, कारण ती करणाऱ्यांपाशी विजेचा सिद्धान्त नव्हता. त्यांनी फक्त न सडलेल्या खिळ्यांकडेही तितक्याच बारकाईने पाहिलं. पुढे 1780च्या दशकात जहाजांना तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट वापरायला सुरुवात झाली.

चार बश्या आणि चायनाग्रास

हा घट डोळ्यांनी दिसतो. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेच्या प्रयोगशाळेत आम्ही तो नववीच्या मुलांबरोबर करून पाहिला. फालुद्यात घालतात ते चायनाग्रास, म्हणजे आगर, पाण्यात उकळायचं. त्यात चिमूटभर मीठ, फिनॉल्फ्थॅलिनचे काही थेंब आणि पोटॅशियम फेरिसायनाइडचे थोडे थेंब टाकायचे. लोखंड पाण्यात उतरलं की फेरिसायनाइड गडद निळं होतं. प्राणवायू इलेक्ट्रॉन घेतो तिथे पाणी अल्कधर्मी होतं आणि फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी होतं. म्हणजे देण्याची जागा निळी, घेण्याची जागा गुलाबी. चायनाग्रास घट्ट झालं की रंग जिथल्या तिथे राहतात. हे मिश्रण खाण्याचं नाही, आणि ते शिक्षकांच्या देखरेखीखालीच करायचं.

पहिल्या बशीत नुसता साफ घासलेला खिळा ठेवला. दुसरीत मधोमध वाकवलेला. तिसरीत तांब्याची उघडी तार गुंडाळलेला. चौथीत जस्ताची पट्टी गुंडाळलेला. ती आम्ही जुन्या सेलच्या कवचातून कापली होती. चायनाग्रास ओतलं आणि मुलांना डबा खायला पाठवलं.

मुलं परत आली तेव्हा पहिल्या खिळ्याचं टोक आणि माथा निळे होते, मधला दांडा गुलाबी. खिळा करताना टोक आणि माथा ठोकून घडवतात, ताण तिथे असतो. दुसऱ्या खिळ्यात वाकवलेल्या जागी तिसरा निळा ढग आला होता. तिसऱ्या बशीत तांब्याच्या तारेभोवती गर्द गुलाबी आणि उरलेला खिळा टोकापासून माथ्यापर्यंत निळा. चौथीत निळ्याचा मागमूसही नव्हता. खिळा सगळा गुलाबी आणि जस्ताभोवती पांढुरकी साय. एका मुलीने विचारलं, "सर, म्हणजे जस्त खिळ्याच्या ऐवजी मरतंय?" याहून नेमकं मी सांगू शकलो नसतो.

कोणाशेजारी कोण

तर पहिला प्रश्न: जोडीत देणारा कोण? जस्ताजवळ लोखंड घेणारं झालं, तांब्याजवळ देणारं. धातू तोच, भूमिका शेजारावर अवलंबून. सगळ्या धातूंची अशी एक रांग लावता येते. रांगेत दोन धातू जितके दूर, तितका त्यांच्यातला विजेचा दाब जास्त. हा दाब व्होल्टमध्ये मोजतात. मिठाच्या पाण्यात जस्ताची पट्टी आणि तांब्याची तार बुडवून मल्टिमीटर लावला तर साधारण पाऊण व्होल्ट दिसतो.

पुस्तकातली रांग आणि प्रत्यक्षातली रांग मात्र जुळेलच असं नाही. पुस्तकाप्रमाणे ॲल्युमिनियम जस्ताहून कितीतरी सढळ हाताने देणारं आहे. पण हवा लागताच त्याच्या अंगावर अतिशय पातळ, घट्ट ऑक्साइडचा थर येतो आणि ते आवरून बसतं. समुद्राच्या पाण्यात म्हणूनच जस्त त्याच्या आधी झिजतं. स्टेनलेस स्टीलचंही तसंच: आतलं क्रोमियम असाच थर धरतं, त्यामुळे मुळात लोखंड असूनही ते तांब्याच्या पंगतीत, किंबहुना वर जाऊन बसतं.

चौकट : समुद्राच्या पाण्यातली रांग
आधी झिजणाऱ्यापासून शेवटपर्यंत टिकणाऱ्यापर्यंत: मॅग्नेशियम, जस्त, ॲल्युमिनियम, साधं पोलाद आणि बीड, पितळ, तांबं आणि कांसं, स्टेनलेस स्टील (थर शाबूत असताना), टायटॅनियम, ग्रॅफाइट. दोन धातू जोडले की डावीकडचा झिजेल, उजवीकडचा राहील. ग्रॅफाइट धातू नाही, पण वीज वाहू देतं, म्हणून पेन्सिलीची रेघसुद्धा ओल्या ॲल्युमिनियमवर घेणारी जागा बनू शकते.

स्वयंपाकघरातलं उदाहरण घ्या. लिंबाचं लोणचं स्टीलच्या डब्यात काठोकाठ भरून वर ॲल्युमिनियमची फॉइल घट्ट दाबून लावली, तर काही दिवसांनी लोणच्याला टेकलेल्या जागी फॉइलला भोकं पडलेली दिसतात. स्टील घेणारं, ॲल्युमिनियम देणारं, आणि मीठ-लिंबाचा रस मधलं पाणी. आंबटपणा आणि मीठ दोन्ही मिळून ॲल्युमिनियमचा संरक्षक थर उसवतात, आणि एकदा थर उसवला की त्याचा मूळ सढळ स्वभाव उघडा पडतो. लोणच्याला काचेची बरणी, हा आजीचा नियम रसायनशास्त्राने जसाच्या तसा मान्य करावा असा आहे.

किती मोठा शेजारी

धातूंची रांग पुष्कळांना माहीत असते. त्याहून महत्त्वाची आणि कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे दोघांचं आकारमान. माझ्या मते निम्म्याहून जास्त घरगुती चुका इथे होतात.

सौद्याचा वेग बहुतेक वेळा घेणाऱ्याकडे ठरतो. पाण्यातून प्राणवायू हळूहळू येतो, आणि घेणाऱ्या धातूच्या दर चौरस सेंटीमीटरवर तो ठरावीकच पोचतो. घेणारा पृष्ठभाग दहापट मोठा केला तर इलेक्ट्रॉनांची मागणी दहापट होते. ही सगळी मागणी देणाऱ्याला पुरवावी लागते. देणारा मोठा असेल तर झीज त्याच्या अंगभर वाटली जाते आणि जाणवतही नाही. देणारा लहान असेल तर तीच झीज एका जागी पडते. घरात खाणारी माणसं दहा आणि कमावणारा एक, अशी त्याची गत होते.

पाठ्यपुस्तकांत याची एक जोडी नेहमी दाखवतात. एकीकडे पोलादी पट्ट्या तांब्याच्या रिव्हेटनी जोडलेल्या, दुसरीकडे तांब्याच्या पट्ट्या पोलादी रिव्हेटनी. दोन्ही समुद्राच्या पाण्यात पंधरा महिने ठेवल्या. धातू तेच दोन, पाणी तेच. पहिल्या जोडीत पोलाद सगळीकडून थोडं गंजलं, पण सांधा पक्का राहिला. दुसऱ्या जोडीत पोलादी रिव्हेट पूर्ण खाल्ले गेले. 'अलार्म'वर हेच झालं होतं: तळभर तांबं आणि त्यात बोटाएवढे खिळे.

म्हणून नियम असा की, लहान भाग नेहमी टिकणाऱ्या धातूचा हवा. स्क्रू, खिळा, रिव्हेट, वॉशर हे ज्या वस्तूला लावायचे तिच्याहून रांगेत उजवीकडचे असावेत. ॲल्युमिनियमच्या खिडकीला स्टेनलेसचा स्क्रू चालतो. स्टेनलेसच्या कठड्याला ॲल्युमिनियमचा रिव्हेट समुद्राजवळ लावला तर तो जातोच.

रंगाच्या बाबतीत तर हे उलटंच वाटतं. लोखंड आणि तांबं जोडलेलं असेल आणि एकालाच रंग द्यायचा असेल तर आपला हात साहजिक लोखंडाकडे जातो, कारण गंजतं ते. पण रंगाला कुठेतरी टाचणीएवढं भोक राहतंच. मग ते भोक एकटंच देणारं उरतं, समोर सगळं तांबं, आणि पाइप त्या जागी आरपार होतो. रंग आधी द्यायचा तो तांब्याला, म्हणजे घेणारी जागाच झाकली जाते. दोन्हींना दिला तर उत्तम. फक्त लोखंडाला देणं सर्वांत वाईट.

आता निप्पलचा हिशेब करू. समजा तांब्याच्या टाकीत आणि निप्पलमध्ये एक मिलिॲम्पियर प्रवाह सतत चालू आहे. मोबाइलच्या चार्जरमधून दोन ॲम्पियर जातात, त्याचा हा दोन हजारावा भाग. एवढ्याशा प्रवाहाने वर्षात सुमारे नऊ ग्रॅम लोखंड विरघळतं. अर्धा इंची पाइपच्या चार इंची तुकड्याचं वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे नऊ ग्रॅम काही फार नाहीत. पण ही झीज चार इंचांवर सारखी वाटली जात नाही. विहिरीचं पाणी समुद्राइतकी वीज वाहू देत नाही, त्यामुळे प्रवाह जवळची वाट धरतो आणि झीज सांध्यापाशी, पहिल्या सेंटीमीटरभरात गोळा होते. तेवढ्या पट्टीत लोखंडच मुळात बारा ग्रॅम. त्यातही आटे पाडताना डायने जस्ताचा लेप खरवडून टाकलेला आणि पाइपची जाडीही कमी केलेली. सर्वांत अशक्त जागा आणि सर्वांत जास्त मागणी एकाच ठिकाणी आली होती.

मचूळ पाणी, गरम पाणी

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि नळाच्या पाण्यापेक्षा त्यातून वीज शंभरपटीच्या आसपास सहज वाहते. म्हणून समुद्रात तांब्याचा त्रास दूरवरच्या लोखंडालाही पोचतो आणि गोड्या पाण्यात तो सांध्यापुरता राहतो. किनाऱ्यावरच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात तेव्हा घरातले सगळे सांधे जरा समुद्राकडे सरकतात असं समजा. आणि पाणी भरलेलं असायलाच हवं असं नाही. खाऱ्या वाऱ्याने खिडकीच्या स्क्रूवर बसलेला मिठाचा पातळ थर हवेतला दमटपणा ओढतो, आणि तेवढा ओलावा घटाला पुरतो. त्या पातळ थरात तर प्राणवायू अधिकच सहज पोचतो.

उष्णतेने रासायनिक क्रिया वेगवान होतात, हे आलंच. गिझरची टाकी बंद आणि दाबाखाली असल्याने उघड्या पातेल्यातल्यासारखा प्राणवायू उडूनही जात नाही. पण गरम पाण्याचा आणखी एक गुण मला उशिरा कळला. साधारण 60 अंश सेल्सिअसच्या वर, काही प्रकारच्या पाण्यात, जस्तावर असा थर बसतो की त्याची आणि लोखंडाची भूमिकाच बदलते. जस्त घेणारं होतं आणि ज्याला राखायचं त्या लोखंडालाच झिजवायला लागतं. गिझरच्या तोंडाशी जस्ताच्या लेपावर भरवसा ठेवणं म्हणूनच चुकीचं.

आणि पाण्याच्या वाहण्याची दिशा. तांब्याच्या टाकीतून निघालेलं गरम पाणी अगदी सूक्ष्म प्रमाणात तांबं विरघळवून आणतं. ते तांबं पुढच्या जस्तावर आणि लोखंडावर कणाकणाने बसतं, आणि प्रत्येक कण स्वतंत्र घट सुरू करतो. इथे तर टाकीचा आणि निप्पलचा थेट स्पर्शही लागत नाही. जाणते प्लंबर जी.आय. आधी आणि तांबं नंतर, असा क्रम पाळतात. आमच्याकडे नेमका उलटा होता.

झिजण्यासाठीच नेमलेले

चौथ्या बशीतल्या जस्ताचा उपयोग माणसाने फार लवकर करून घेतला. ब्रिटिश नौदलाने रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांना विचारलं की, तळाचं तांबं समुद्रात झिजतं ते कसं थांबवावं. डेव्हींनी 1824 साली रॉयल सोसायटीपुढे उत्तर मांडलं: तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा लहानसा तुकडा जोडा. वाटाण्याएवढं जस्त चाळीस-पन्नास चौरस इंच तांबं राखतं, असं त्यांना दिसलं. जहाजांवर प्रयोग झाले आणि तांबं खरंच झिजेना. पण मग तळाला शेवाळ आणि कवचधारी जीव पुन्हा चिकटू लागले. तांबं थोडं थोडं विरघळत होतं म्हणूनच ते त्या जीवांना विषारी होतं. विज्ञान बरोबर होतं, जहाज मात्र संथ झालं, आणि नौदलाने उपाय मागे घेतला.

कल्पना टिकली. आज पोलादी बोटींच्या तळाला, पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे बसवलेले असतात, आणि बोट ओढून वर घेतली की ते बदलतात. छपराचे जी.आय. पत्रे हेही त्याच जातीचे. पोलाद सुमारे 450 अंश तापमानाच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. याला जस्तविलेपन म्हणतात. पत्र्यावर ओरखडा पडला तरी शेजारचं जस्त झिजून उघड्या लोखंडाला राखतं. तेलाच्या पत्र्याच्या डब्यावर कथलाचा लेप असतो. कथील लोखंडापेक्षा टिकाऊ, त्यामुळे लेप अखंड आहे तोवर डबा सुंदर राहतो; ओरखडा पडला की मोठं कथील आणि रेघेएवढं लोखंड, असा तोच वाईट हिशेब सुरू होतो. पावसात टाकलेला डबा ओरखड्यांच्या रेघांवरच आधी गंजतो तो यामुळे. तांब्या-पितळेच्या भांड्याच्या कल्हईत मात्र कथील हाच देणारा धातू, म्हणून तिथे ओरखड्याने भांडं सडत नाही. तिथली अडचण वेगळी: उघड्या पडलेल्या तांब्याशी ताकाची गाठ पडते आणि ताक कळकतं.

आणि शहरांतल्या बहुतेक साठवणीच्या गिझरांमध्ये, पोलादी टाकीच्या आत, एक मॅग्नेशियमचा रॉड असतो. टाकीला आतून काचेसारखा लेप असतो. त्याला कुठे केसाएवढी चीर गेली तर तिथलं लोखंड वाचवायला हा रॉड झिजत राहतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा शेजाऱ्यांच्या गिझरमधून जे बाहेर आलं त्याला रॉड म्हणवत नव्हतं. मधली बारीक पोलादी तार, तिला दोन ठिकाणी चिकटलेले खडबडीत करडे गड्डे, आणि खाली टाकीत पांढरा चिखल. बोटाएवढं मॅग्नेशियम पूर्ण संपलं होतं. ते संपल्यानंतर टाकीला राखणारं आत कोणी नव्हतं.

सांधा तोडणं

शेवटचा उपाय 'अलार्म'च्या तपकिरी कागदाचा: धातूची वाट तोडायची. न्यूयॉर्कच्या बंदरातल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यात अभियंता गुस्ताव्ह आयफेल यांनी हा धोका ओळखला होता. सुमारे अडीच मिलिमीटर जाडीची तांब्याची त्वचा आणि आत लोखंडी सांगाडा. दोघांमध्ये त्यांनी लाखेत भिजवलेल्या ॲस्बेस्टॉसचा थर घातला. पुतळा 1886 साली उभा राहिला. खाऱ्या हवेत, पावसाच्या झिरपण्यात तो थर विटला, आणि मग तो उलट ओलावा धरून ठेवू लागला. लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या, कारण गंजाला लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. त्या फुगण्याने तांब्यातले रिव्हेट ओढून बाहेर काढले. 1984 ते 1986 या काळात त्या पट्ट्या बदलून स्टेनलेस स्टीलच्या घातल्या आणि मध्ये टेफ्लॉन ठेवलं. रांगेत जवळजवळचे धातू आणि वर तुटलेला स्पर्श, असे दोन उपाय एकत्र.

घरी नळाच्या आट्यांवर आपण टेफ्लॉनची टेप गुंडाळतो तेव्हा हे काम होत नाही. आटे घट्ट पिळताना टेप कापली जाते आणि धातूला धातू टेकतोच. टेप पाणी अडवते, वीज नाही. खरा तुटलेला सांधा हवा असेल तर मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा किंवा त्यासाठीच मिळणारी खास जोडणी लागते. गिझरच्या अर्थिंगच्या तारेला मात्र कधीही हात लावायचा नाही; तिचा आणि या वाटेचा संबंध जोडून ती काढून टाकणारे मी पाहिले आहेत, आणि ते जिवावरचं आहे. तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या वायरी एकमेकींना पिळून जोडणंही असंच. त्यासाठी दोन्ही धातूंचा मिळून केलेला लग, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायचा जोड, मिळतो, वायरमनकडे तोच मागावा.

आमच्या निप्पलचं काय केलं? चौथ्या वेळी पितळी निप्पल आणला. टाकी तांब्याची, निप्पल पितळी, कॉक पितळी, पुढे भिंतीत प्लॅस्टिकचा पाइप. जी.आय.पेक्षा पैसे जास्त पडले. त्याला नऊ वर्षं झाली, सांधा कोरडा आहे.

तुमच्याकडे पोलादी टाकीचा गिझर असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला येणाऱ्या माणसाला एवढंच सांगा, की रॉड बाहेर काढून मला दाखवा. निम्म्याहून जास्त झिजलेला असेल तर त्याच दिवशी बदलून घ्या. आणि तो अगदी नव्यासारखा चकचकीत निघाला तर खूश होऊ नका. रॉडचा टाकीशी धातूचा स्पर्श नीट झालेला आहे का, ते आधी तपासायला सांगा.